रिमोटवर पडणारा पक्षी-सापळा

लहान रानपक्षी जिवंत पकडायचे, मोजायचे, पायात ओळखीची रिंग घालायची आणि लगेच सोडायचे, त्यासाठीचा हा सापळा. कल्पना जुनीच आहे, टोपली काठीवर तिरकी टेकवून खाली दाणे टाकायचे आणि लांबून दोरी ओढायची, इथे दोरीच्या जागी रेडिओ रिमोट आला एवढंच. पण खरा फायदा असा की माणूस लांब आडोशाला बसून सतत बघत असतो, आणि नको तो पक्षी आत असेल किंवा एखादा नेमका चौकटीच्या कडेखाली उभा असेल तर बटण दाबतच नाही. पक्ष्याच्या पायानेच खटका पडतो त्या सापळ्यात ही सोय नाही.

ॲल्युमिनियमची हलकी चौकट, तिच्यावर बिनगाठीची बारीक जाळी सैलसर, कडेला फोमची पट्टी, आणि हात घालायला कापडी बाही, नाहीतर चौकट उचलली की पक्षी गेलाच. टेकू धरून ठेवणारी पिन ओढायला छोटी सर्वो मोटर (सिग्नल मिळाला की ठरलेल्या कोनात फिरणारी), रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि चार पेन्सिल सेल, सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतं. चौकटीचं वजन थेट पिनेवर आलं तर सर्वो नुसती घरघरते, पिन निघत नाही, म्हणून मध्ये लिव्हर हवाच. सिग्नल तुटला तर पिन आहे तिथेच राहील असं आधीच सेट करायचं. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत कॉन्टॅक्ट लवकर गंजतात, रोज आधी रिकामा सापळा पाडून बघायचा.

बाजरी, राळे, कणी टाकली की चिमण्या, मुनिया येतात. फुलातला मध पिणारा शिंजीर दाण्याला येत नाही, त्याला मिस्ट नेटच लागतं, म्हणजे खांबांना उभी बांधलेली, सहज न दिसणारी बारीक जाळी.

परवानगीशिवाय हे अजिबात करायचं नाही, अगदी स्वतःच्या सोसायटीच्या आवारातही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि रिंग घालणं कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकावं लागतं. १८८३ साली मुंबईत सुरू झालेली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) हे काम कित्येक दशकं करतेय, तिच्या रिंगवर संस्थेचं नाव आणि नंबर असतो.

लावलेला सापळा सोडून चहाला जायचं नाही, कावळे आणि मांजरं टपलेलीच असतात. भर उन्हात किंवा पावसात तो बंदच ठेवायचा. पकडलेला पक्षी सुती पिशवीत ठेवून तोलायचा, आणि पोटावर पिसं गेलेला उघडा चट्टा दिसला तर तो अंडी उबवणारा पक्षी असू शकतो, त्याला सगळ्यात आधी सोडायचं.