टूर द फ्रान्सपूर्वीचे शर्यत-दिवस

व्यावसायिक सायकलपटूने हंगामाच्या सुरुवातीपासून टूर द फ्रान्सच्या पहिल्या टप्प्यापर्यंत जितके दिवस प्रत्यक्ष स्पर्धेत घालवलेले असतात, ते त्याचे टूरपूर्वीचे शर्यत-दिवस होत. मोजणी सरळ आहे. एकदिवसीय शर्यतीचा एक दिवस आणि आठ टप्प्यांच्या शर्यतीचे आठ दिवस धरतात. मधले विश्रांतीचे दिवस धरत नाहीत, आणि आठ टप्प्यांच्या शर्यतीतून एखादा स्वार तीन टप्पे करून बाहेर पडला तर त्याच्या नावावर तीनच दिवस लागतात. टूर ही 21 टप्प्यांची, सुमारे 3,300 ते 3,500 किमी. अंतराची आणि दोन विश्रांतिदिवसांसह 23 दिवस चालणारी शर्यत असल्याने तिच्या आरंभरेषेवर स्वार पुरेसा तयार हवा, पण दमलेला नको. अलीकडे विजेतेपदाचे बहुतेक दावेदार 15 ते 30 शर्यत-दिवसांच्या पायावर टूरला उतरतात.

अर्धशतकापूर्वीचे गणित वेगळे होते. बेल्जियमच्या एडी मर्क्सने 1974 मध्ये जिरो दितालिया ही इटलीची तीन आठवड्यांची शर्यत जिंकली, लगेच त्यानंतर स्वित्झर्लंडची टूर द स्वीस जिंकली, सीटच्या घर्षणाने झालेल्या गळवावर शस्त्रक्रिया करून घेतली आणि जखम पुरती भरण्याआधीच टूरला उभे राहून तीही जिंकली. वसंतातील एकदिवसीय शर्यती बाजूला ठेवल्या, तरी या दोन शर्यतींनीच त्याचे तिसाहून अधिक दिवस भरले होते. मर्क्स असामान्य होता हे खरे, पण भरपूर शर्यती खेळणे त्या काळी असामान्य नव्हते. पगार बेताचे असत, प्रायोजकाला आपले नाव वर्षभर रस्त्यावर दिसायला हवे असे, आणि गावोगावच्या प्रदर्शनी शर्यतींत उपस्थितीचे रोख मानधन मिळे. शिवाय हिवाळ्यात सायकल जवळजवळ बाजूला ठेवण्याची रीत होती. त्या काळात चढलेले वजन फेब्रुवारीपासूनच्या शर्यतींतच उतरवायचे असे, म्हणजे शर्यत हाच सराव होता. 1997 च्या टूरचा जर्मन विजेता यान उलरिख हा या रीतीचा शेवटचा मोठा प्रतिनिधी म्हणावा लागेल. हिवाळ्यानंतरचे त्याचे वजन हा दर वर्षी चर्चेचा विषय होई.

शर्यतीतून लय पकडण्याच्या या जुन्या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण 1989 मधले आहे. अमेरिकेच्या ग्रेग लेमॉन्डला त्या वर्षीच्या जिरोमध्ये 39 वे स्थान मिळाले. डोंगरी टप्प्यांत तो सारखा मागे पडत होता. परंतु अखेरच्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या टप्प्यात, तो एकाएकी दुसरा आला. तीन आठवड्यांच्या रगड्याने पायांत पुन्हा ताकद भरली होती. पुढच्याच महिन्यात त्याने टूर अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली.

शर्यत-दिवस कमी होण्यास दोन गोष्टी प्रामुख्याने कारणीभूत ठरल्या. पहिली गोष्ट पॉवर मीटर. जर्मन अभियंता उलरिख शोबेरर याने 1980 च्या दशकात विकसित केलेल्या या उपकरणाने पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजता येऊ लागला, आणि स्वार आज किती तयार आहे हे कळण्यासाठी त्याला शर्यतीतच उतरवण्याची गरज उरली नाही. दुसरी गोष्ट उंचावरील शिबिरे. टेनेरिफ बेटावरील टेइडे ज्वालामुखीचा परिसर, स्पेनमधील सिएरा नेवाडा किंवा फ्रान्समधील तीन्य यांसारख्या सुमारे 2,100 ते 2,300 मी. उंचीच्या ठिकाणी दोन-तीन आठवडे राहिल्यास विरळ हवेमुळे शरीरातील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते. हा काळ सलग मिळावा लागतो. मे महिन्यात डोंगरावर बसलेला स्वार त्याच महिन्यात शर्यतीत असू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक शिबिर दिनदर्शिकेतून एक-दोन शर्यती खाऊन टाकते.

या विचाराला पद्धतशीर रूप दिले ते ब्रिटनच्या स्काय संघाने. संघाचा प्रशिक्षक टिम केरिसन हा ऑस्ट्रेलियन, आणि तो आला होता जलतरणातून. जलतरणपटू वर्षात मोजक्याच स्पर्धा लढवतात व बाकीचा काळ सरावात घालवतात. सायकलपटूंनी तसे का करू नये, असा प्रश्न बाहेरून आलेल्यालाच पडू शकत होता. 2012 मध्ये या संघाचा ब्रॅडली विगिन्स टेइडेवरच्या शिबिरांच्या आगेमागे पॅरिस–नीस, टूर द रोमांदी आणि क्रितेरियम द्यू दोफिने या तिन्ही शर्यती जिंकून टूरला आला आणि टूरही जिंकला. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे : संपूर्ण वर्ष केवळ जुलैसाठी बेतण्याची पद्धत त्यापूर्वी अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगने रूढ केली होती, परंतु उत्तेजक द्रव्यांच्या वापरामुळे त्याची टूरची सातही विजेतेपदे 2012 मध्ये रद्द झाल्याने त्या पद्धतीच्या बाजूचा पुरावा म्हणून त्याचे उदाहरण देता येत नाही.

सरावाने सगळेच साधते असे मात्र नाही. तालमीत कितीही जोर काढले तरी मैदानातील कुस्तीची सवय मैदानातच होते. एकट्याने घाट चढताना स्वार ठरावीक वॅटवर तासभर स्थिर राहू शकतो. पावणेदोनशे जणांच्या घोळक्यात, म्हणजे पेलोटॉनमध्ये, त्याला समोरच्या चाकापासून वीतभर अंतर राखावे लागते. प्रत्येक वळणावर घोळका आकसतो आणि वळण संपताच पुढचे सुटतात, तेव्हा मागच्यांना काही सेकंद जीव तोडून पेडल मारावे लागते. असे झटके एका टप्प्यात शेकड्यांनी बसतात. ओल्या उतारावर ब्रेक कधी सोडायचा, तासाला 90 ते 120 ग्रॅम कर्बोदके पोटात टिकवत जोर कसा लावायचा, आणि अंगावर थकवा असताना सलग पाचव्या सकाळी पुन्हा कसे खायचे, हे अंगवळणी पडायला शर्यतच लागते. सहकाऱ्यांनाही संघाच्या नेत्याला, म्हणजे विजेतेपदाच्या दावेदाराला, नेमक्या क्षणी घोळक्याच्या पुढे आणून सोडण्याची तालीम हवी असते.

म्हणूनच दोफिने (2026 पासून तिचे नाव टूर ओव्हेर्न्य–रोन–आल्प) आणि टूर द स्वीस या जूनमधील शर्यती आजही टूरच्या तयारीचा कणा आहेत. 1947 मध्ये सुरू झालेली दोफिने आठ दिवसांची असून तिचे शेवटचे टप्पे बहुधा आल्प्सच्या मोठ्या घाटांत असतात, आणि टूरचे आयोजकच ती भरवत असल्याने जुलैमध्ये येणारा एखादा चढ जूनमध्ये चाखून पाहण्याची संधी तिथे मिळते. स्काय संघाच्याच क्रिस फ्रूमने 2013, 2015 व 2016 मध्ये दोफिने व टूर या दोन्ही शर्यती जिंकल्या. 2017 मध्ये मात्र दोफिनेत चौथा येऊन, त्या हंगामात एकही विजय पदरी नसताना, तो टूर जिंकला. टूर द स्वीस नंतर येते, त्यामुळे विश्रांतीला अवधी कमी उरतो. 2025 मध्ये दोफिने 15 जूनला, स्वीस 22 जूनला संपली आणि टूर 5 जुलैला सुरू झाली. म्हणजे एका वाटेने सुमारे तीन आठवडे हाती राहिले, दुसऱ्या वाटेने दोनपेक्षाही कमी. शर्यत-दिवसांची बेरीज सारखी असली तरी शेवटची शर्यत आणि टूर यांतील हे अंतर तयारीचे स्वरूप बदलून टाकते. नुसत्या बेरजेला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते, असे म्हणायला हरकत नाही.

स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारचा 2023 चा हंगाम पाहावा. वसंतात तो भरपूर खेळला होता आणि जिंकलाही होता, पण 23 एप्रिलला लीएज–बास्तोन्य–लीएज शर्यतीत पडून त्याचे मनगट मोडले. त्यानंतर टूरपर्यंत त्याच्या वाट्याला स्लोव्हेनियाच्या राष्ट्रीय स्पर्धेतील दोनच शर्यती आल्या. बेरीज बिघडली नव्हती. घडी मोडली होती. टूरमध्ये तो डेन्मार्कच्या योनास विंगेगार्डच्या 7 मिनिटे 29 सेकंद मागे राहून दुसरा आला.

पुढच्या वर्षी पारडे उलटे फिरले. पोगाचारने 2024 ची सुरुवात मार्चमधील स्त्रादे बियांकेने केली. मिलान–सान रेमो, व्होल्टा कातालुन्याचे सात टप्पे आणि लीएज धरून जिरोपूर्वी त्याचे जेमतेम 10 शर्यत-दिवस झाले. जिरोच्या 21 टप्प्यांसह टूरपूर्वीचा आकडा 31 झाला. त्याच वर्षी 4 एप्रिलला बास्क प्रदेशातील शर्यतीच्या चौथ्या टप्प्यात एका उतारावर मोठा अपघात झाला. विंगेगार्डचे गळपट्टीचे हाड व बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसाला इजा झाली. त्याचे शर्यत-दिवस सुमारे पंधरावरच थांबले, आणि तो जूनमध्ये तीन्य येथे सराव करून थेट टूरलाच परतला. तेथे अकराव्या टप्प्यात ल लिओरान गावी त्याने पोगाचारला समोरासमोरच्या धावेत हरवले. अखेरीस मात्र तो 6 मिनिटे 17 सेकंदांनी मागे राहिला. पोगाचार 1998 मधील मार्को पान्तानीनंतर एकाच वर्षी जिरो व टूर जिंकणारा पहिला स्वार ठरला. 31 दिवसांचा माणूस पहिला आणि त्याच्या निम्म्या दिवसांचा, तोही जिवावरच्या दुखण्यातून उठलेला, दुसरा, हा निकाल आकड्यांवरून भाकीत करणाऱ्यांना अडचणीत टाकणारा आहे. 2025 मध्ये दोघांची बेरीज जवळ आली : पोगाचार 22, तर पॅरिस–नीस अर्धवट सोडावी लागलेला विंगेगार्ड 18. दोफिने आणि टूर या दोन्ही शर्यतींत पोगाचार पहिला व विंगेगार्ड दुसरा आला.

प्रत्येक शर्यत-दिवस जोखमीचाही असतो, हे या अपघातांतून दिसतेच. 2019 मध्ये फ्रूमचा भीषण अपघात तर दोफिनेतील टाइम ट्रायलच्या मार्गाची पाहणी करताना, म्हणजे त्या दिवसाचा टप्पा सुरू होण्यापूर्वीच झाला.

नेत्यांची ही काटकसर सहायक स्वारांच्या पथ्यावर पडत नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, नियमांनुसार सर्वोच्च वर्ल्डटूर दर्जा तीन वर्षांत मिळवलेल्या गुणांवर अवलंबून असतो, त्यामुळे नेता डोंगरावर सराव करीत असला तरी उरलेल्या संघाला छोट्या-मोठ्या शर्यतींतून गुण गोळा करावे लागतात. त्यालाही मर्यादा आहे. उदाहरणार्थ, जानेवारी 2026 मधील पुणे ग्रँड टूर ही 2.2, म्हणजे यूसीआयच्या खालच्या श्रेणीची शर्यत. या श्रेणीत वर्ल्डटूर संघांना प्रवेशच नसतो, त्यामुळे तिची गणना टूरच्या तयारीत होत नाही. टूरसाठी 2018 पासून प्रत्येक संघाला आठच स्वार नेता येतात आणि शेवटच्या एक-दोन जागा पुष्कळदा जूनमधील शर्यतींनंतरच ठरतात. ज्याची जागा अजून पक्की नाही, तो दोफिनेच्या डोंगरी टप्प्यांतही ताकद राखून ठेवू शकत नाही. बहुतेक युरोपीय देशांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यती जूनच्या अखेरच्या आठवड्यात होतात. निवड झालेल्या अनेकांचा तो टूरपूर्वीचा शेवटचा शर्यत-दिवस असतो, आणि तो जिंकणारा टूरमध्ये संघाच्या जर्सीऐवजी देशाच्या रंगांची जर्सी घालून उतरतो.