‘केलंय’ आणि ‘बारा महिन्यांत केलंय’: नागरी सहभागाचे दोन टक्के

कोणत्या देशातले लोक मोर्चाला जास्त जातात, याचे आकडे बरेचदा दोन पाहण्यांतून उचललेले असतात: वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे आणि युरोपियन सोशल सर्व्हे. दोन्हीकडे विचारलेल्या कृती साधारण त्याच: निवेदनावर सही, बहिष्कार, मोर्चा. टक्के मात्र एका तक्त्यात मांडण्यासारखे नाहीत.

वर्ल्ड व्हॅल्यूजच्या मुख्य प्रश्नाला मुदतच नाही. उत्तरं तीन: केलंय, कदाचित करीन, कधीच करणार नाही. विशीत एकदाच मोर्चाला गेलेला माणूस साठीतही ‘केलंय’मध्येच मोजला जातो. त्यामुळे तीस वर्षांपूर्वी आंदोलनांनी ढवळून निघालेला देश आज शांत असला, तरी आकड्यात जागाच दिसतो. त्यात कुणी ‘कदाचित’ची उत्तरं मिळवली, की टक्का फुगतो आणि सहभागाऐवजी नुसती तयारी मोजली जाते. माझ्या मते सर्वात महागात पडणारी चूक हीच.

युरोपियन सोशल सर्व्हे २००२ पासून साधारण दर दोन वर्षांनी होतो आणि ‘गेल्या १२ महिन्यांत केलंत का?’ असं विचारतो. हो किंवा नाही. आकडा ताजा मिळतो, पण हेलकावेही खातो. १५ फेब्रुवारी २००३ ला इराक युद्धाविरोधात युरोपभर प्रचंड मोर्चे निघाले. पहिल्या फेरीच्या मुलाखती काही देशांत त्याआधीच उरकल्या होत्या, काही देशांत नंतरही चालू होत्या. अशा दोन देशांतला फरक नागरिकांच्या स्वभावाचा की मुलाखतीच्या तारखेचा, हे मुलाखतीचे महिने पाहिल्याशिवाय कळत नाही.

समजा, १,००० जणांपैकी ४०० जणांनी आयुष्यात कधीतरी सही केली, त्यातल्या ९० जणांनी याच वर्षी. एकच देश, एका पाहणीत ४० टक्के, दुसरीत ९. दोन्ही बरोबर.

तुलना करायचीच असेल, तर आधी वय जुळवा. युरोपियन पाहणीत १५ वर्षांपासूनचे लोक असतात, वर्ल्ड व्हॅल्यूजमध्ये साधारणपणे १८ पासूनचे. १८ च्या आतले वगळा. मग वयोगटानुसार टक्के काढा, कारण ‘कधीतरी केलंय’ हा आकडा वयाबरोबर साचत जातो. वर्ल्ड व्हॅल्यूजच्या काही फेऱ्यांत मुदतीचा जोडप्रश्नही आहे. तो कोडबुकात, म्हणजे पाहणीतल्या प्रश्नांच्या आणि उत्तरांच्या क्रमवार यादीत, वेगळ्या क्रमांकाने असतो. सापडला तर मुख्य प्रश्नाऐवजी तोच घ्या, पण त्याची मुदत १२ महिन्यांचीच आहे का, ते आधी तपासा.