प्रोग्रॅमिंग बायकांचं काम होतं तेव्हा

तंत्रज्ञानात बायका कमी का, हा प्रश्न निघाला की त्या या क्षेत्रात उशिरा आल्या असं धरून चालतात. खरं तर त्या सुरुवातीपासून होत्या. काम कारकुनी समजलं जात होतं, तोवर त्यांना कोणी अडवलंही नाही.

१९४५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'एनिॲक' हा सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक उभा राहत होता. सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब, वजन ३० टनांच्या घरात. यंत्र बांधणारे इंजिनिअर बहुतेक पुरुष. त्यावर गणित चढवायचं दुय्यम काम सहा तरुणींकडे आलं. ना मॅन्युअल, ना प्रोग्रॅमिंगची भाषा. सुरुवातीला यंत्राच्या खोलीत शिरायचीही परवानगी नव्हती, म्हणून आकृत्या पसरून त्यांनी ते कागदावरच समजून घेतलं. फेब्रुवारी १९४६ च्या प्रात्यक्षिकात तोफगोळ्याचा मार्ग काढायचा होता. तो प्रोग्रॅम बेटी जेनिंग्स आणि बेटी स्नायडर यांनी बसवला. गोळा प्रत्यक्ष लक्ष्यावर पडायला लागेल, त्याहून कमी वेळात यंत्राने उत्तर दिलं. रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण मात्र दोघींनाही नव्हतं.

पुढे कामाची किंमत कळली, पगार वाढले आणि भरतीला चाळण्या लागल्या. १९६६ मध्ये कॅनन आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांनी प्रोग्रॅमरचा स्वभाव मांडला: कोडी आवडतात, माणसांत रस नाही. पाहणीतले बहुतेक प्रोग्रॅमर पुरुषच. त्याच मापाने माणसं निवडत गेल्यावर माप बरोबर निघणारच!

ब्रिटनमध्ये १९६२ साली स्टेफनी शर्ली यांनी सहा पौंडांच्या भांडवलावर घरातूनच सॉफ्टवेअर कंपनी काढली. लग्न-बाळंतपणात नोकरी सुटलेल्या प्रोग्रॅमर बायकांना घरबसल्या काम द्यायचं, ही कल्पना. कामासाठी पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा नवऱ्याने सुचवल्यावरून त्या 'स्टीव्ह' अशी पुरुषी नावाची सही करू लागल्या. मग भेटी ठरू लागल्या. फोनवर बोलताना बाळाचा आवाज जाऊ नये म्हणून मागे टाइपरायटरच्या आवाजाची टेप लावायची. पहिल्या ३०० जणांत पुरुष अवघे तीन, आणि कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग याच कंपनीचं. गंमत म्हणजे १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याने बायकांना झुकतं माप देणारं हे धोरणच बेकायदा ठरलं.

अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुली ३७ टक्के होत्या. पुढे हा आकडा १८ पर्यंत घसरला. मधल्या काळात घरोघरी संगणक आले, पण ते मुलग्यांच्या खोलीत. कॉलेजचे पहिल्या वर्षाचे वर्ग मग आधीच हात बसलेल्यांच्या वेगाने चालू लागले. कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९५ नंतर प्रवेशात पूर्वानुभवाला दिलेलं वजन कमी केलं आणि नवख्यांसाठी वेगळी सुरुवात ठेवली. पूर्वानुभव नसलेलेही शेवटी मागे राहत नाहीत, असं त्यांना दिसलं होतं. पाच वर्षांत तिथे प्रवेश घेणाऱ्या मुली ७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेल्या.