पालक, शुभंकर, काळजीवाहक : पुण्यातल्या आधारगटांची पार्श्वभूमी

बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्या आईला त्याची पालक होण्यासाठी अर्ज करावा लागतो. तिने त्याला अठरा वर्षे भरवले, न्हाऊ घातले, फिट आली तेव्हा रात्र रात्र जागून काढली. पण तो सज्ञान झाला त्या दिवशी कायद्याच्या लेखी तिचे पालकत्व संपले. मग ससूनचे किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयाचे प्रमाणपत्र जोडायचे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीपुढे जायचे आणि जे काम ती करतेच आहे त्याचा कागद मिळवायचा. पुण्यातल्या कुठल्याही पालकगटात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन बैठकांत ही गोष्ट कळते. बहुतेकांना ती तिथेच पहिल्यांदा कळते. हे गट कसे उभे राहिले आणि ‘पालक’ या एका शब्दाने त्यांच्या वाटेत किती गुंता केला, याची ही पार्श्वभूमी.

जुन्या काळाबद्दल थोडेच सांगतो, कारण तो वाचकांना ठाऊक आहे. गंज पेठेतल्या एका घरात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. तिथे फसवल्या गेलेल्या विधवेने यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल न्यायचे की ठेवायचे हे तिचे तिने ठरवावे, अशी सोय होती. त्या काळात अडलेल्या आईला उपदेश न करता मदत देणारी ती जागा होती, आणि माझ्या मते पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या बाबतीत आपण तिच्या मागेच राहिलो. १८९६ चा अनाथ बालिकाश्रम, १९०९ मध्ये सुरू झालेली, स्त्रियांना शुश्रूषेचे शिक्षण देणारी संस्था, ही कामे मोठीच होती. पण ती निराधारांसाठी होती. घर आहे, नवरा आहे, सासू-सासरे आहेत, त्या बाईलाही सांभाळता सांभाळता कुणाचा तरी हात लागतो, हे कुणाच्या मनात येत नव्हते. एकत्र कुटुंबात ते आपोआप होते असे धरले जाई. ते काम कुठल्या तरी काकूच्या किंवा लग्न न झालेल्या आत्याच्या अंगावर पडे, आणि तिला कुणी विचारत नसे.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि वस्तीवस्तीत अंगणवाडी झाली. अंगणवाडी सेविका आईला वजन, आहार, लसीकरण समजावते. हे काम किती मोलाचे आहे ते वेगळे सांगायला नको. पण तिथेही रचना अशी की आई शिकणारी आणि बाकीचे शिकवणारे. तिला काल झोप मिळाली का, हा रकाना नोंदवहीत नव्हता.

खरे वळण ऐंशीच्या दशकात आले, आणि ते मुलांच्या बाजूने आले नाही. १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात एक व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. दारू पिणारा माणूस उपचाराला येतो तेव्हा त्याच्या मागे घरात एक बाई असते, तिची झोप, भूक आणि आत्मविश्वास कधीच गेलेला असतो, हे तिथल्या लोकांनी ओळखले. तिच्यासाठी वेगळा गट बसू लागला, त्याला ‘सहचरी’ म्हणतात. या गटात नवऱ्याला कसे सुधारायचे याच्या युक्त्या मिळत नव्हत्या. बायका आपापले सांगत, दुसरीचे ऐकत, आणि ‘माझ्यामुळे हा पितो’ हे ओझे हळूहळू उतरत असे. पुण्यातल्या पुढच्या जवळजवळ सगळ्या आधारगटांत हीच बैठकीची रीत दिसते.

त्याच सुमारास, १९८७ मध्ये, पालकत्वाला वाहिलेले एक मराठी मासिक पुण्यातून निघू लागले आणि त्याच्याभोवती वाचकांची वर्तुळे जमली. मुलांशी कसे बोलावे, मारावे का, स्पर्धेचे काय करावे, यांवर गांभीर्याने चर्चा होऊ लागली. इथे ‘पालक’ म्हणजे विचार करणारा, चुका कबूल करणारा आई-बाप. हा अर्थ मध्यमवर्गात रुजला, आणि चांगलाच झाला. पण शब्दाचा गुंता इथूनच वाढला. कारण याच शहरात आणखी तीन प्रकारची माणसे स्वतःला पालक म्हणवत होती. शिक्षक-पालक संघात बसणारे, विशेष शाळेच्या फाटकाशी दुपारी डबा घेऊन उभे असणारे आणि न्यायालयाने अज्ञान मुलाच्या मालमत्तेवर नेमलेले. कायद्याच्या मराठीत अठराच्या आतल्या मुलाला ‘अज्ञान’ म्हणतात हे लक्षात घ्या, पुढे ते लागणार आहे.

नव्वदीच्या उत्तरार्धात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या नातेवाइकांचा गट पुण्यात जमू लागला, मागोमाग पार्किन्सन्सच्या, मग स्मृतिभ्रंशाच्या. त्यांना ‘पालक’ हा शब्द चालेना. पंचाहत्तरीच्या नवऱ्याला आंघोळ घालणारी बाई त्याची पालक कशी? वडिलांना सांभाळणारा मुलगा? ‘केअरटेकर’ म्हटले की बंगल्याचा राखणदार डोळ्यांपुढे येतो, ‘शुश्रूषक’ म्हटले की रुग्णालय. अशा वेळी मराठी मानसिक आरोग्याच्या चळवळीतून एक जोडी रूढ झाली : ज्याला आजार आहे तो ‘शुभार्थी’ आणि जो त्याच्याबरोबर चालतो तो ‘शुभंकर’. पहिल्यांदा ऐकताना हे शब्द लग्नपत्रिकेतले वाटतात, मलाही वाटले होते. पण बैठकीत एखादी बाई उठून ‘मी शुभंकर, माझे यजमान शुभार्थी, नऊ वर्षे झाली’ असे सांगते, तेव्हा या शब्दांचे काम कळते. त्यात रुग्ण बिचारा नसतो आणि सांभाळणारी त्यागमूर्ती नसते. दोघांनाही नाव मिळते. सरकारी कागदांत हे शब्द आले नाहीत, तिथे ‘काळजीवाहक’ किंवा ‘देखभाल करणारी व्यक्ती’ आहे. गटांमध्ये मात्र ते पक्के बसले आहेत.

आता तो कायद्याचा गुंता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारचे अपंगत्व मानले, त्यात स्वमग्नता (ऑटिझम) नव्हती. स्वमग्न मुलाच्या आई-वडिलांना त्याला ‘मतिमंद’ म्हणून प्रमाणित करून घ्यावे लागे, नाहीतर काहीच मिळत नसे. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा आला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी. ‘आमच्यानंतर काय’ या प्रश्नाने झोप उडालेल्या पालकांची मागणी त्यामागे होती. त्यातूनच स्थानिक स्तर समिती आली, पुढे एक लाखापर्यंतच्या उपचारखर्चाचा ‘निरामय’ विमा आला. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती, असे तिघे. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा.

योगायोग असा की त्याच १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईच्या पालकत्वाचा एक मोठा प्रश्न सोडवला. १९५६ च्या कायद्यात हिंदू अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, ‘आणि त्याच्यानंतर आई’ असे लिहिले होते. मुलाच्या नावाने रोखे घेताना पालक म्हणून आईने सही केली, तर रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला, यावरून ते प्रकरण उभे राहिले. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असे नाही, तो लक्ष घालत नसेल किंवा दोघांनी तसे ठरवले असेल तरीही आई पालक असू शकते, असा अर्थ न्यायालयाने लावला. म्हणजे एकाच वर्षी लहान मुलाच्या आईचा अधिकार मोकळा झाला आणि मोठ्या मुलाच्या आईला अर्जाची वाट मिळाली.

भांडण पेटले ते २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर शिक्कामोर्तब केले होते, आणि त्यानुसार प्रत्येक माणूस आपले निर्णय घेण्यास सक्षम धरायचा होता. म्हणून नव्या कायद्याच्या १४ व्या कलमात ‘मर्यादित पालकत्व’ आले. ठराविक निर्णयापुरते, ठराविक काळापुरते, आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, तिच्या इच्छेप्रमाणे. आधीच्या कुठल्याही कायद्याखाली नेमलेला पालक यापुढे मर्यादित पालकच समजावा, असेही त्यात आहे. राष्ट्रीय न्यासाचा कायदा मात्र तसाच उभा राहिला.

पुण्यातल्या पालकगटांत यावरून सरळ दोन तट पडले. एका बाजूला स्वतः अपंगत्व असलेली माणसे आणि त्यांच्याबरोबरचे कार्यकर्ते. पूर्ण पालकत्व म्हणजे माणसाला जन्मभर ‘अज्ञान’ ठरवणे, आई-वडिलांच्या मायेआड त्याची सही, त्याचा पैसा, त्याचे लग्न सगळे काढून घेणे, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि मालमत्तेसाठी भावाने पालकत्व मिळवल्याच्या तक्रारी काही हवेतल्या नाहीत. दुसऱ्या बाजूला सत्तरी गाठलेले आई-बाप. त्यांचे दुखणे वेगळे. पेन्शन खात्यावर नाव लावायला एकदा, ऑपरेशनच्या संमतीला पुन्हा, फ्लॅटच्या पुनर्विकासाच्या करारावर सही करायला तिसऱ्यांदा, असे त्यांनी किती वेळा कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या? समिती तीन महिन्यांतून किमान एकदा बसावी असा नियम आहे. पण ज्याच्या गुडघ्यांना आणि आयुष्याला मुदत आहे, त्याला तीन महिनेही लांब वाटतात. मी तत्त्वाने पहिल्या बाजूचा आहे. तरीही हक्क लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूच्या थकव्याचा हिशेब धरला नाही असे मला वाटते. निर्णय घेताना मदत करायची म्हटली तर मदत करणारे माणूस कुठून आणायचे, हे कायद्याने सांगितले नाही. आजवर ते माणूस आईच आहे.

मानसिक आजारांच्या कुटुंबांची तर वेगळीच अडचण. राष्ट्रीय न्यास त्यांच्यासाठी नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णासाठी पालक आणि त्याच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्यात ती आली नाही. त्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आहे, तो उपचारांपुरता. अपघातानंतर बेशुद्धावस्थेत पडून राहिलेल्या माणसासाठी तर थेट उच्च न्यायालयात जावे लागते. म्हणून पुण्यातल्या गटांच्या बैठकीत औषधांपेक्षा वकिलाचे सत्र जास्त भरते.

२०१६ आणि २०१७ च्या या दोन्ही कायद्यांनी एक चांगली गोष्ट केली : सांभाळणाऱ्याची व्याख्या केली. पैसे घेऊन किंवा न घेता देखभाल करणारी व्यक्ती, पहिल्या कायद्यात तर आई-वडिलांसकट, असे स्पष्ट शब्द आहेत. २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे. केरळने त्याआधीच, २०१० मध्ये, अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांसाठी महिना ठराविक रक्कम सुरू केली होती.

शहर या काळात झपाट्याने बदलत होते. हिंजवडी उभी राहिली, मुले परदेशी गेली, कोथरूड-सहकारनगरात दोन म्हातारी माणसे एकमेकांना सांभाळू लागली. दुसरीकडे इमारती बांधायला आलेल्या मजुरांची लेकरे वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळत होती. त्यांच्यासाठी बांधकामावरची पाळणाघरे ऐंशीच्या दशकापासून पुण्यात चालली, तीही पालकांना दिलेली मदतच होती, पण आधारगटांच्या इतिहासात तिची गणना कुणी करत नाही. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. धुणीभांडी करणाऱ्या बाईला यातले काहीच लागू पडत नाही. सकाळी सहाला ‘ब्युरो’कडून येणाऱ्या मावशींनाही नाही. त्या दुसऱ्याची आई सांभाळतात, स्वतःची मुलगी शेजारणीकडे ठेवून. शुभंकरांच्या बैठकीला या मावशी कधी बोलावल्या गेल्या नाहीत. ही आपल्या चळवळीतली उणीव आहे, आणि ती भरून काढणे आपल्याच हातात आहे.

९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले. विशेष शाळा, दिवसा सांभाळणारी केंद्रे, गटांच्या बैठका सगळे बंद पडले. स्वमग्न मुलाचे ठरलेले वेळापत्रक मोडले म्हणजे काय होते हे त्या घरांनीच पाहिले. बैठका मोबाइलवर गेल्या. नवल म्हणजे काही जणी पहिल्यांदाच येऊ शकल्या, कारण आजवर रुग्णाला घरी कुणाजवळ ठेवून यायचे हाच प्रश्न होता. आज बरेच गट महिन्यात एक बैठक प्रत्यक्ष आणि एक पडद्यावर घेतात.

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. आयुक्तालय पुण्यात आहे, त्यामुळे निवेदन घेऊन जायला आपल्या गटांना मुंबई गाठावी लागत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अपंग मूल असलेल्या नोकरदार आईला बालसंगोपन रजा नाकारणे योग्य नाही. सध्या गटांच्या बैठकीत दोन मागण्यांची चर्चा होते. एक, २४ व्या कलमातला भत्ता. दुसरी अगदी साधी : वर्षातून आठ दिवस कुणीतरी विश्वासाने सांभाळील अशी जागा, प्रत्येक प्रभागात एक.