उद्यमचा दाखला आणि महामार्गाचं टेंडर: सोलापूरच्या छोट्या ठेकेदारामागची पार्श्वभूमी

सोलापुरात लघुउद्योगाची नोंदणी म्हटलं की वर्षानुवर्षं यंत्रमाग आणि टॉवेलचे कारखानेच डोळ्यांसमोर यायचे. कारखानदार जिल्हा उद्योग केंद्रात जायचा, ठेकेदार सार्वजनिक बांधकाम खात्यात. तिथे त्याचा वर्ग ठरायचा आणि किती रकमेपर्यंतचं टेंडर भरता येईल, तेही. लहानांची सोय राज्याने कामवाटपातून केली. ठरावीक किमतीपर्यंतची 33 टक्के कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, 33 टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि 34 टक्के खुल्या ठेकेदारांना. वस्तीचा जोडरस्ता, मोरी, गटार यांवर अनेकांचं बस्तान बसलं. मजूर संस्थांत खरे मजूर किती, हा प्रश्न मात्र जुनाच.

2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याने कारखान्यांबरोबर सेवा उद्योगही कक्षेत घेतले. 2012 मध्ये केंद्राने आपल्या खात्यांना आणि सार्वजनिक कंपन्यांना 20 टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायला सांगितलं. 2018 मध्ये ते प्रमाण 25 टक्के झालं. 1 जुलै 2020 पासून अशा उद्योगांसाठी ऑनलाइन उद्यम नोंदणी आली. आधार, पॅन आणि रस्तेबांधणीचा 42101 हा कोड टाकला की दाखला हातात. नोंदणी फुकट, एजंट त्याचेही पैसे घेतात, ते सोडा.

पण 25 टक्क्यांचं ते धोरण माल आणि सेवांच्या खरेदीचं आहे. रस्त्याचं बांधकाम त्यात धरत नाहीत. आणि माझ्या मते खरी गोम दाखल्यात नाहीच, कामाच्या आकारात आहे. पुणे–सोलापूर चौपदरीकरण बीओटीवर (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) दिलं गेलं ते दोनच पॅकेजमध्ये, प्रत्येक शंभर किलोमीटरच्या वर. अशा निविदेत कंपनीचं नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) आणि तशाच मोठ्या कामांचा अनुभव बघतात. मोहोळ-टेंभुर्णीचा ठेकेदार त्यात उद्यमचा कागद जोडून काय करणार? तो मोठ्या कंपनीचा पोटठेकेदार होतो. मुरूम, खडी, साइडपट्टी, डंपर.

तिथे मात्र या कागदाला वजन आहे. लघुउद्योगाच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असं 2006 चाच कायदा सांगतो. व्याजासाठी कंपनीशी भांडून पुढचं काम घालवायला कोणी धजत नसे. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीने गणित बदललं: सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही आणि वर्षअखेरही थकलेलं राहिलं, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा करता येत नाही. त्यामुळे क्रशरवाल्याकडे उद्यम नंबर आता कंपनीचा अकाउंटंटच मागतो.