मृत्यूनोंदी आणि निधनवार्ता (घराण्याच्या इतिहासासाठी)

घराण्याची वंशावळ लावताना गेलेल्या माणसाची तारीख, गाव आणि नातं पक्कं करायला जे कागद वापरतात ते सगळे ह्यात येतात, म्हणजे महसूल दप्तरातलं कोतवाल बुक, ग्रामपंचायत-नगरपालिकेचं मृत्यू रजिस्टर, तीर्थक्षेत्रातल्या नामावळ्या, चर्चची पुस्तकं आणि पेपरातल्या निधनवार्ता. ह्या नोंदीत महाराष्ट्राचा विचार मुख्य आहे, गोव्याचा थोडा.

'कोतवाल' ह्या शब्दाच्या उगमावर एकमत नाहीये. एक मत असं की मूळ संस्कृत 'कोट्टपाल', म्हणजे किल्ला राखणारा, आणि ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ. स. ८७६ च्या सुमाराच्या लेखात गोपाद्रीचा, म्हणजे ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा, रखवालदार अल्ल ह्याला हेच पद दिलेलं आहे. दुसरं मत शब्द फारसीतून आल्याचं, कारण गझनवी काळातल्या फारसी लिखाणात किल्लेदार ह्या अर्थानं तो आधीच दिसतो, आणि काहींनी तर तुर्की मूळही सुचवलंय. फारसीनं तो भारतातूनच उचलला आणि मुसलमानी राजवटीत तो नव्या रुबाबात परत आला असं मानलं तर दोन्ही पुरावे जुळतात, त्यामुळे संस्कृत मूळ जास्त पटतं. शहरात कोतवाल म्हणजे मोठा अधिकारी, पण गावगाड्यात तोच शब्द खाली उतरून पाटील-तलाठ्याच्या हाताखालच्या नोकराचा झाला. हे काम आधी बऱ्याच ठिकाणी महार वतनाशी जोडलेलं होतं, मयताची बातमी परगावच्या नातेवाइकांना पोचवायला उन्हापावसात चालत जाणं हेही त्यातच यायचं, आणि कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. अलीकडे सरकारनं कोतवालाला महसूल सेवक केलंय, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण रेकॉर्ड रूममध्ये अजून 'कोतवाल बुक' म्हटलं तरच माणूस कपाटाकडे वळतो.

हे बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची वही. विदर्भात हिला कोतवाल पंजी म्हणतात. मध्य प्रांतात कोतवालानं वही घेऊन पोलीस ठाण्यात जायचं आणि तिथे मुन्शीनं लिहून घ्यायचं अशी पद्धत होती, मुंबई इलाख्यात हे काम गावकामगारांकडे होतं. महसुली भाषेत हाच गाव नमुना नंबर १४, पण इथे एक गोंधळ हमखास होतो. आजच्या तलाठी दप्तरात नमुना १४ हा पाणीपुरवठ्याच्या साधनांचा आहे, त्यामुळे नुसतं 'चौदा नंबर द्या' म्हणालात तर समोर गावच्या विहिरी येतील. 'जन्म-मृत्यूचा जुना १४' असं स्पष्ट सांगावं लागतं, तेही तहसीलच्या अभिलेख कक्षात, कारण जुनी दप्तरं सहसा गावात राहिलेली नसतात.

पान साधारण असं दिसतं: तारीख, मयताचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. लिपी पुष्कळदा मोडी, शाई पिवळट, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पुरुषाच्या नावापुढे 'वलद' किंवा 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार', आणि नवखा माणूस 'कोम'ला जात समजून बसतो, खरं म्हणजे तिथे 'अमक्याची बायको' एवढंच लिहिलेलं असतं. तान्ह्या पोराचं नाव ठेवायच्या आतच गेलं तर नुसतं 'मुलगी' किंवा 'मुलगा' आणि बापाचं नाव. वय अंदाजे, चाळीस-पन्नास-साठ असे गोल आकडे, त्यावरून जन्मसाल काढलं तर पाच-दहा वर्षं इकडेतिकडे धरावीत. कारणाच्या रकान्यात ताप, हगवण, खोकला, देवी, पटकी (म्हणजे कॉलरा), आणि 'ताप' हे इतकं सर्रास की त्यावरून रोग ठरवायला जाऊच नये.

जातीचा रकाना असल्यामुळेच ह्या वह्यांना अचानक भाव आला. इतर मागासवर्गाचं जात प्रमाणपत्र काढायला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधायला समिती नेमल्यावर जिल्ह्याजिल्ह्यातली दप्तरं उघडली गेली, पानं स्कॅन झाली, बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार चढली. मोडी वाचणाऱ्यांना एवढी मागणी त्याआधी क्वचितच आली असेल. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला हा आयता फायदा आहे, फक्त लक्षात ठेवायचं की शोध जातीच्या उल्लेखासाठी होता, म्हणून आपल्या पणजोबांचं पान त्या गठ्ठ्यात नसलं तरी मूळ वहीत असू शकतं.

तारखांचा घोळ वेगळाच. घरात लोकांना तिथी पाठ असते, कारण श्राद्ध तिथीला होतं, इंग्रजी तारीख कुणालाच सांगता येत नाही. शकात ७८ मिळवले की सन येतं, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९. 'शके १८४०, आश्विन वद्य' असं आजी सांगत असेल तर तो ऑक्टोबर १९१८ चा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबरचे पहिले दोन-तीन दिवस, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचेच दिवस. पण घराणं इंदूर-ग्वाल्हेरकडे गेलेलं असेल आणि तिथल्या भटजींनी पौर्णिमान्त पद्धतीनं (महिना अमावास्येऐवजी पौर्णिमेला संपतो अशी) लिहिलं असेल तर तोच पंधरवडा कार्तिक वद्य होतो, आणि कार्तिक समजून शोधणारा महिनाभर पुढे जातो. मराठवाड्याचे जुने कागद उर्दूत आणि फसली (म्हणजे महसुली) सनात, महिने आजूर, दय, बहमन असे. निजामी फसली साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं, म्हणून आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० आणि पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवावेत, उदाहरणार्थ १३५८ फसली म्हणजे १९४८-४९.

कायद्याचं थोडक्यात. १८८६ च्या कायद्याखालची नोंदणी राजीखुशीची होती. सक्तीची झाली ती १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानं, जो बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. खबर २१ दिवसांत द्यायची, गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात नगरपालिका-महापालिकेकडे. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे: नोंद माणूस राहायचा त्या गावी होत नाही, जिथे मरण आलं तिथे होते. सातारच्या खेड्यातला माणूस मिरजेच्या दवाखान्यात गेला तर दहन गावी झालं असलं तरी नोंद मिरजेला. रजिस्टर कुणीही शोधायला लावू शकतो, उतारा मिळतो, पण उताऱ्यात मृत्यूचं कारण देत नाहीत, कायद्यातच तसं आहे. नोंद सापडली नाही तर अनुपलब्धता प्रमाणपत्र देतात आणि वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नव्यानं नोंद करायला आधी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा, १ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या दुरुस्तीनं ते काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलं.

साथीच्या वर्षांत वह्यांवर फार विश्वास ठेवू नये. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला तेव्हा झडतीच्या आणि घर रिकामं करायच्या भीतीनं लोकांनी मयतं लपवली, दुसरंच कारण सांगितलं. १९१८ ला तर लिहिणारेच आजारी.

पेपरातल्या निधनवार्तेत एका वाक्यात अख्खं कुटुंब असतं. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं, विवाहित मुलगी, सुना, जावई, नातवंडं असा परिवार आहे' ह्यात मुलं किती, कोण हयात, कुणाचं लग्न झालंय हे सगळं आलं. नावाआधीचा शब्दही वाचावा: 'सौ.' म्हणजे नवरा हयात, 'गं. भा.' म्हणजे विधवा, 'वै.' बहुधा वारकरी घर, 'लिंगैक्य' लिंगायत, 'पैगंबरवासी' मुसलमान, 'कालकथित' बौद्ध. मात्र बाईची निधनवार्ता सासरच्या नावानं येते, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं असेल तर माहेरच्या वंशावळीत तिचा धागा इथेच तुटतो, कुठे 'माहेरच्या अमुक' असं लिहिलं असलं तर नशीब. पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात पुष्कळदा तिथीनं येते, म्हणून तिच्यावरची तारीख मृत्यूची समजायची नाही, दहा-पंधरा दिवसांचा फरक सहज असतो. आताचे चौकातले 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स तर पुष्कळदा तारीख देतात आणि वर्षच देत नाहीत. जुन्या अंकांसाठी 'ज्ञानोदय' (१८४२ पासून, ख्रिस्ती घराण्यांना विशेष उपयोगी), 'केसरी' (१८८१) आणि 'सकाळ' (१९३२) बघतात. त्या काळी सामान्य शेतकऱ्याची बातमी पेपरात येतच नव्हती, त्यामुळे हे साधन मुळातच शहरी आणि शिकलेल्या घरांकडे झुकलेलं आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडच्या नामावळ्यांत गाव आणि आडनाव सांगितलं की पान निघतं. अस्थी घेऊन आलेल्या मुलानं त्या दिवशी स्वतः सांगितलेली बापाची, आजोबाची, भावांची नावं तिथे असतात. ती मृत्यूनंतर काही दिवसांतली, म्हणून मोलाची, पण मृत्यूची तारीख त्यात बहुतेक वेळा नसते, येऊन गेल्याची असते. कोकणस्थ घराण्यांच्या छापील कुलवृत्तांतांत मृत्युसाल मिळतं, ते बहुधा नातेवाइकांनी पत्रानं कळवलेलं, म्हणून मूळ कागदाशी ताडून घ्यावं.

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चची पुस्तकं आणि पुढे नागरी नोंदणी, दोन्ही पोर्तुगीज भाषेत. जुनी काही पणजीच्या पुराभिलेखात, बाकी त्या त्या ठिकाणी. मुंबई इलाख्यातल्या युरोपियन आणि काही देशी ख्रिस्ती लोकांच्या दफनाच्या प्रती १७०९ पासून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' ह्या मालिकेत आहेत.