नोकरीशोधाच्या पद्धती

रिकाम्या जागांची माहिती काढून ती जागा देणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग. जाहिरात पाहून अर्ज करणे, रोजगार केंद्रात नाव नोंदवणे, भरती संस्थेची मदत घेणे, संकेतस्थळावर बायोडेटा टाकणे, कंपनीत थेट विचारणा करणे आणि ओळखीतून खबर मिळवणे हे त्यांतले रूढ मार्ग. कोणता धरावा, हे त्या क्षेत्रात भरती कशी होते यावर ठरते. परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या पदांना ओळख कामाची नाही; छोट्या व्यवसायात मात्र जाहिरात निघण्याआधीच जागा भरलेली असते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन येथे नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तांत्रिक व व्यवस्थापकीय पुरुषांची पाहणी केली. सुमारे ५६ टक्के जणांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. लक्षणीय गोष्ट अशी, की खबर देणारे बहुतेक जण जिवलग नव्हते. अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे होते. घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. जुना सहकारी किंवा मागे पडलेला वर्गमित्र वेगळ्या वर्तुळात वावरतो. ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या या विचाराला २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरील प्रयोगांनी दुजोरा दिला, पण एक दुरुस्तीही सुचवली: अगदीच पुसट ओळखीपेक्षा मध्यम सैल ओळख अधिक उपयोगी पडते. म्हणून अशा माणसांकडे ‘नोकरी द्या’ म्हणण्यापेक्षा त्यांच्या क्षेत्रात काय चालले आहे हे विचारणे अधिक फलदायी. अर्थात ओळखींचे जाळे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. ज्याच्या घरात त्या क्षेत्रात आधी कोणी गेलेले नाही, त्याच्यासाठी खुली जाहिरात हाच न्याय्य दरवाजा असतो.

एकट्याने शोधताना नकारांनी उमेद खचते आणि अर्ज थांबतात. मानसशास्त्रज्ञ नेथन अ‍ॅझ्रिन यांनी यावर गटाचा उपाय केला. त्यांच्या गटातले लोक नियमित जमत, हाती आलेल्या जागांची माहिती एकमेकांना देत आणि मुलाखतीचा सराव करत. १९७५ च्या त्यांच्या अहवालानुसार दोन महिन्यांत गटातील ९० टक्के जणांना नोकरी लागली. तुलनेसाठी घेतलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना.

भरती संस्थेकडे जाताना पैशाचा प्रश्न आधी विचारावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार खासगी संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये. अपवाद मोजकेच आहेत. नेमणुकीआधी ‘अनामत’ मागणारी संस्था टाळलेली बरी.